भूमीवाचूनचे राज्य

(निर्वासित तिबेटी सरकारचे माजी प्रमुख सामदोंग रिनपोछे यांच्या जीवनकार्यावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



राज्य म्हणजे काय, असे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारले, तर तो चार घटक सांगेल : भूप्रदेश, लोकसंख्या, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व. यातील भूप्रदेश आणि सार्वभौमत्व शत्रूने हिरावून घेतले, तर मागे काय उरते? आपल्या इतिहासाला हा प्रश्न अपरिचित नाही. रायगडावरून निघालेले छत्रपती राजाराम महाराज १६८९ मध्ये दूर तमिळ देशातील जिंजीला पोहोचले आणि मराठ्यांची राजधानी तेथून चालली. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरला आझाद हिंद सरकारची घोषणा केली. पण या दोन्ही प्रसंगी राज्यकर्त्यांच्या पाठीशी सेना होती, हाती शस्त्र होते. ज्याच्यापाशी भूमी नाही, सेना नाही, पोलीस नाहीत, आणि ज्याला जगातील एकाही देशाची अधिकृत मान्यता नाही, अशा सरकारचा प्रमुख कोणत्या बळावर राज्य चालवतो? आजचा विषय हाच आहे आणि त्याचे नायक आहेत प्राध्यापक सामदोंग रिनपोछे.

२००१ ते २०११ अशी दहा वर्षे ते निर्वासित तिबेटी सरकारचे 'कालोन त्रिपा', म्हणजे मुख्य मंत्री होते. परमपूज्य दलाई लामांचे नाव जगभर घेतले जाते. त्यांच्या छायेत उभे राहून निर्वासित समाजाचा राज्यकारभार लोकांच्या हाती सोपवण्याचे काम ज्यांनी निष्ठेने केले, त्यांची ओळख मात्र आपल्याकडे फारशी नाही.

उत्तर सीमेवरील अनर्थ

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटात घुसले. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी पंडित नेहरूंना लिहिलेल्या पत्रात या घटनेचा अर्थ स्पष्ट शब्दांत सांगितला होता. भारताची उत्तर सीमा आता सुरक्षित राहिलेली नाही, हा त्या पत्राचा गाभा होता. पुढील महिन्यात सरदार गेले. मे १९५१ मध्ये तिबेटी प्रतिनिधींकडून सतरा कलमी करारावर सह्या करवून घेण्यात आल्या. २९ एप्रिल १९५४ रोजी भारताने चीनशी केलेल्या करारात तिबेटचा उल्लेख 'चीनचा तिबेट प्रदेश' असा झाला आणि त्याच कराराच्या प्रस्तावनेत पंचशीलाची तत्त्वे विराजमान झाली. आठ वर्षांनी त्या पंचशीलाचे काय झाले, हे बोमदिला आणि रेझांग ला येथे लढलेल्या आपल्या जवानांना विचारावे.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि ३१ मार्च रोजी ते तवांगच्या बाजूने भारताच्या भूमीत आले. त्यांच्या पाठोपाठ सुमारे ऐंशी हजार तिबेटी हिमालय ओलांडून आले. त्या लोंढ्यात एकोणीस वर्षांचा एक तरुण भिक्षू होता. त्याचे नाव लोबसांग तेनझिन.

त्याचा जन्म १९३९ मध्ये पूर्व तिबेटातील खाम प्रांतात झाला. वयाच्या पाचव्या वर्षी पूर्वीच्या सामदोंग रिनपोछेंचा पुनर्जन्म म्हणून त्याला ओळखण्यात आले. सातव्या वर्षी त्याने प्रव्रज्या घेतली आणि बाराव्या वर्षी ल्हासाजवळच्या द्रेपुंग या विख्यात मठात तो अध्ययनासाठी दाखल झाला. तर्कशास्त्र, प्रज्ञापारमिता, माध्यमिक दर्शन, विनय असा तो दीर्घ अभ्यासक्रम. या अध्ययनाची परंपरा नालंदेतून आलेली, आणि ते अर्ध्यावर असतानाच देश सोडण्याची वेळ आली.

शाळामास्तर ते कुलगुरू

निर्वासित झालेला समाज पहिल्यांदा काय मागतो? अन्न, वस्त्र, निवारा. तिबेटींनी हे मागितलेच. पण त्यासोबत शाळा मागितल्या. आई-वडील हिमालयातील रस्त्यांच्या कामावर खडी फोडत होते, थंड प्रदेशातील माणसे सखल भागातील उष्म्याने आजारी पडत होती, आणि तशा अवस्थेत दलाई लामांनी पंडित नेहरूंकडे मुलांसाठी स्वतंत्र शाळांचा आग्रह धरला. नेहरूंच्या तिबेटविषयक धोरणावर कठोर टीका करणाऱ्यांनीही हे मान्य केले पाहिजे की, ही मागणी त्यांनी मनापासून उचलून धरली. १९६१ मध्ये तिबेटी शाळांसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली.

तरुण रिनपोछे याच कामाला जुंपले गेले. सिमला, दार्जिलिंग, डलहौसी येथील शाळांत शिक्षक आणि मुख्याध्यापक म्हणून त्यांनी दशकभर काम केले. ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे ज्याने सरकार चालवले, त्याची राजकारणातील उमेदवारी वर्गात फळ्यासमोर झाली. त्याच काळात मठपरंपरेतील सर्वोच्च 'गेशे ल्हारंपा' ही पदवीही त्यांनी संपादन केली.

१९७१ मध्ये ते सारनाथच्या केंद्रीय उच्च तिबेटी शिक्षण संस्थेचे प्राचार्य झाले. ही संस्था १९६७ मध्ये वाराणसीच्या संस्कृत विश्वविद्यालयाची शाखा म्हणून सुरू झाली होती. १९८८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तीन दशके रिनपोछे यांनी ती वाढवली. येथे जे कार्य झाले, त्याचे मोल प्रत्येक भारतीयाने जाणले पाहिजे.

सातव्या शतकात थोन्मी संभोट भारतात आला आणि येथील लिपीच्या आधारे त्याने तिबेटी लिपी सिद्ध केली, अशी परंपरा आहे. आठव्या शतकात आचार्य शांतरक्षित आणि अकराव्या शतकात आचार्य अतीश दीपंकर तिबेटला गेले. शतकानुशतके संस्कृत ग्रंथांची भाषांतरे चालू होती. 'कांग्युर'चे शंभर आणि 'तेंग्युर'चे दोनशेहून अधिक खंड हे त्या ज्ञानयज्ञाचे फळ. बाराव्या शतकाच्या अखेरीस बख्तियार खिलजीच्या आक्रमणाने नालंदा, विक्रमशीला उद्ध्वस्त झाल्या आणि अगणित संस्कृत पोथ्या नामशेष झाल्या. परंतु त्यांतील कितीतरी ग्रंथ तिबेटी भाषेत जिवंत राहिले. सारनाथच्या संस्थेत तिबेटी आणि भारतीय पंडित शेजारी बसून या भाषांतरांवरून मूळ संस्कृत पाठ पुन्हा सिद्ध करू लागले. आपण हरवलेले आपले धन एका परागंदा समाजाने जपून ठेवले आणि आश्रयाच्या बदल्यात परत केले. शिष्याने गुरूच्या ऋणातून याहून सुंदर उतराई कशी व्हावी?

वाराणसीतच रिनपोछेंचा जे. कृष्णमूर्तींच्या विचारांशी निकटचा संबंध आला. गांधीजींच्या 'हिंद स्वराज'चे ते निष्ठावान अभ्यासक बनले. ते उत्तम हिंदी बोलतात. विशेष म्हणजे अहिंसा हे त्यांना दुर्बलाचे समाधान कधीच वाटले नाही. तिबेटी प्रश्नावर सत्याग्रहाचा मार्ग कसा अनुसरावा, याची मांडणी त्यांनी १९९०च्या दशकात केली. सत्याग्रहीची तयारी, त्याची शपथ, त्याने सोसावयाचे क्लेश यांचा गंभीर विचार त्यात होता.

धर्मशाळेतील प्रजासत्ताक

निर्वासित तिबेटी सरकारची पुनर्स्थापना २९ एप्रिल १९५९ रोजी मसुरीत झाली आणि पुढील वर्षी ते धर्मशाळेला हलले. २ सप्टेंबर १९६० रोजी पहिल्या निर्वाचित लोकप्रतिनिधींनी शपथ घेतली. घर नाही, अंगावर धड कपडा नाही, आणि तरी मतदान! १९९१ मध्ये निर्वासित तिबेटींची सनद स्वीकारण्यात आली. तिच्या मसुद्याच्या कामात रिनपोछे यांचा सहभाग होता आणि पुढे ते संसदेचे अध्यक्षही झाले.

या संसदेची रचना पाहण्यासारखी आहे. एकूण ४५ सदस्य. उ-त्सांग, खाम आणि आम्दो या तीन प्रांतांचे प्रत्येकी दहा. चार बौद्ध संप्रदाय आणि बौद्धपूर्व बोन परंपरा यांचे प्रत्येकी दोन. उरलेले पाच परदेशस्थ तिबेटींचे. आम्दो किंवा खाममध्ये आज कोणी मतदान करू शकत नाही. पण तेथून आलेल्यांची मुले-नातवंडे त्या प्रांताच्या नावाने मत देतात. पायाखालची भूमी गेली असली तरी नकाशा मनात शाबूत आहे.

कर वसूल करण्याची सक्ती हे सरकार करू शकत नाही. म्हणून १९७२ पासून स्वेच्छा-अंशदानाची पद्धत आहे. प्रत्येक प्रौढ तिबेटी दरवर्षी आपले अंशदान भरतो आणि त्याची नोंद त्याच्या 'हरित पुस्तिके'त होते. न भरणाऱ्याच्या दारी जप्ती येत नाही. तरीही लोक भरतात. रस्त्यावर स्वेटर विकणारी माऊलीही भरते.

२००१ मध्ये एक मोठा बदल घडला. तोपर्यंत मंत्रिमंडळाच्या प्रमुखाच्या निवडीत दलाई लामा आणि संसद यांचा हात असे. आता प्रमुख थेट जनतेने निवडावा, असे ठरले. हा आग्रह स्वतः दलाई लामांचा होता. या पहिल्या निवडणुकीत ८० टक्क्यांहून अधिक मते मिळवून रिनपोछे निवडून आले. २००६ मध्ये ते पुन्हा निवडून आले, तेव्हा सुमारे ९० टक्के मते त्यांच्या बाजूला होती.

निर्णयांची कसोटी

लोकप्रियतेच्या या लाटेवर बसून त्यांनी काय केले? त्यांचा एक महत्त्वाचा निर्णय पाहा. निर्वासित सरकारच्या मालकीचे अनेक व्यवसाय होते. हॉटेले होती, हस्तकलेचे आणि व्यापाराचे उद्योग होते. त्यांतून पैसा येत असे. रिनपोछेंनी सरकारला या व्यवसायांतून बाहेर काढले. शासनाचे काम लोकांची सेवा करणे. नफ्याच्या स्पर्धेत उतरलेले शासन सत्यापासून ढळते, अशी त्यामागची धारणा. ज्या सरकारला हक्काचा महसूल नाही, त्याने उत्पन्नाचे साधन सोडणे हे व्यवहारी माणसाला वेडेपणाचे वाटेल. बुद्धाने सांगितलेल्या सम्यक आजीविकेचे सूत्र त्यांनी राज्यकारभाराला लावले. वसाहतींच्या शेतीतून रासायनिक खते हटवून सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा कार्यक्रमही त्यांनी याच भूमिकेतून हाती घेतला.

याहून कठीण परीक्षा चीनशी वाटाघाटींची होती. १९८७ आणि १९८८ मध्ये दलाई लामांनी मांडलेल्या प्रस्तावांतून 'मध्यम मार्ग' आकाराला आला होता : पूर्ण स्वातंत्र्याचा आग्रह सोडून चीनच्या राज्यघटनेच्या चौकटीत खरीखुरी स्वायत्तता. रिनपोछेंच्या कारकिर्दीत, सप्टेंबर २००२ मध्ये, दलाई लामांचे दूत बीजिंगला गेले आणि संवाद पुन्हा सुरू झाला. या संवादाला अनुकूल वातावरण मिळावे म्हणून चिनी नेत्यांच्या परदेश दौऱ्यांच्या वेळी निदर्शने करू नयेत, असे आवाहन रिनपोछेंनी तिबेटींना केले.

या आवाहनाने समाज ढवळून निघाला. पूर्ण स्वातंत्र्याचा ध्वज उंच धरणाऱ्या तिबेटी युवक काँग्रेसने विरोध केला. नियतीचा खेळ असा की, १९७० मध्ये ही संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या पदाधिकाऱ्यांत स्वतः रिनपोछे होते. आपणच लावलेल्या रोपाचे काटे सोसण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्यांनी युवकांना देशद्रोही ठरवले नाही, संघटना मोडून काढली नाही. मतभेद मतभेदाच्या जागी राहिले.

त्या वाटाघाटींचे फलित काय? जानेवारी २०१० पर्यंत नऊ फेऱ्या झाल्या. २००८ मध्ये स्वायत्ततेच्या मागणीचे सविस्तर निवेदन तिबेटी दूतांनी चीनला सादर केले. चीनने ते फेटाळले. त्याच वर्षी मार्चमध्ये तिबेटच्या पठारावर उठाव होऊन तो चिरडला गेला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये धर्मशाळेत निर्वासित तिबेटींची विशेष सभा भरली, खुली चर्चा झाली आणि बहुमताने मध्यम मार्गच कायम ठेवला. जानेवारी २०१० नंतर अशी दहावी फेरी झालेली नाही.

तेव्हा हा मार्ग फसला, असे म्हणावे काय? राष्ट्रीय विचारांच्या अनेक कार्यकर्त्यांना हा प्रश्न अस्वस्थ करतो. विस्तारवादी सत्तेपुढे सौजन्य दाखवले की ती ते दौर्बल्य मानते, हा १९५४ ते १९६२ या काळाचा धडा आहे. तो धडा तिबेटींच्या वाट्याला दुसऱ्यांदा आला. तथापि, निवाडा करण्यापूर्वी आपल्याही घरात डोकावले पाहिजे. १९५९ मध्ये तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांनी लोकसभेत तिबेटची बाजू तळमळीने मांडली होती. जून २००३ मध्ये तेच अटलजी पंतप्रधान असताना बीजिंगमध्ये झालेल्या घोषणापत्रात, तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनच्या भूप्रदेशाचा भाग असल्याचे भारताने मान्य केले. सिक्कीमविषयी चीनची भूमिका बदलण्याच्या दृष्टीने त्या भेटीत पावले पडली, हे खरे. आणि भारत-तिबेट सहयोग मंचासारख्या व्यासपीठांवरून काम करणाऱ्यांना ते शब्द बोचले, हेही तितकेच खरे. दीडशे कोटींच्या लोकसंख्येकडे झेपावणाऱ्या, अण्वस्त्रसज्ज देशाला जेथे तडजोड करावी लागते, तेथे सैन्य नसलेल्या निर्वासित समाजाने केलेल्या तडजोडीला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

पायउतार होण्याचे सामर्थ्य

रिनपोछेंच्या जीवनातील सर्वांत बोधप्रद प्रसंग सत्ताग्रहणाचा नाही, सत्तात्यागाचा आहे. सनदेनुसार सलग दोन कार्यकाळांची मर्यादा होती. ९० टक्के मते मिळवणाऱ्या नेत्यासाठी नियम वाकवण्याचे प्रकार जगात कमी नाहीत. येथे तसे घडले नाही. २०११ मध्ये दलाई लामांनीही शतकानुशतके चालत आलेले आपले राजकीय अधिकार निर्वाचित नेतृत्वाकडे सोपवले. ८ ऑगस्ट २०११ रोजी रिनपोछेंनी पदभार लोबसांग सांगे यांच्याकडे दिला. १९६८ मध्ये दार्जिलिंगला जन्मलेले, हार्वर्डला कायदा शिकलेले, भिक्षू नसलेले हे गृहस्थ. तिबेटची भूमी त्यांनी पाहिलेली नव्हती. २०२१ मध्ये तेही पायउतार झाले आणि पेन्पा त्सेरिंग निवडून आले. बीजिंगमध्ये मात्र २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या दोन कार्यकाळांची मर्यादा राज्यघटनेतून काढून टाकण्यात आली. ज्याच्यापाशी सर्व काही आहे, त्याला सत्ता सोडवत नाही. ज्याच्यापाशी काही नाही, तो ती सहज सोडतो.

रिनपोछेंची साधना आजही चालू आहे. दलाई लामांच्या गादेन फोद्रांग न्यासातील ते ज्येष्ठ पदाधिकारी. २ जुलै २०२५ रोजी, आपल्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, दलाई लामांनी जाहीर केले की, त्यांची परंपरा पुढे चालू राहील आणि पुढील पुनर्जन्म ओळखण्याचा अधिकार केवळ या न्यासाला असेल. त्या दिवशी धर्मशाळेत पत्रकारांसमोर बसून ही भूमिका विशद करणाऱ्यांत पंच्याऐंशी वर्षांचे सामदोंग रिनपोछे होते. धर्म न मानणारी चिनी राजवट पुढचा दलाई लामा आपल्या संमतीने ठरावा, असा हट्ट धरून बसली आहे. उद्याचा संघर्ष येथेच होणार आहे.

काळाशी शर्यत

संकट केवळ बाहेरचे नाही. २००९ च्या पाहणीनुसार निर्वासित तिबेटींची संख्या सुमारे १ लाख २८ हजार होती. त्यांपैकी सुमारे ९४ हजार भारतात होते. त्यानंतर तरुण मंडळी मोठ्या संख्येने पाश्चात्त्य देशांत जाऊ लागली आहेत. वसाहतींतील शाळांत मुले कमी होत आहेत. २००८ नंतर सीमेवरचा पहारा कडक झाल्याने तिबेटातून नवे लोक येणे जवळपास थांबले आहे. तिकडे तिबेटात सुमारे दहा लाख मुलांना कुटुंबापासून दूर निवासी शाळांत ठेवून चिनी भाषेत शिकवले जात असल्याची चिंता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये व्यक्त केली. २००९ पासून दीडशेहून अधिक तिबेटींनी आत्मदहन केले. दुसऱ्या कोणाच्या केसालाही धक्का न लावता स्वतःला अग्नीच्या स्वाधीन करणाऱ्या या लोकांची आठवण जग किती दिवस ठेवणार?

बंधुभगिनींनो, राष्ट्राचा प्राण भूमीत असतो, हे आपण मानतो आणि ते सत्यच आहे. भूमीवाचूनचे राज्य ही कोणी निवडलेली अवस्था नव्हे. ती लादलेली यातना आहे. परंतु भूमी गेल्यावर परत मिळवण्याची जिद्द टिकवायची असेल, तर भाषा, शाळा, ग्रंथ आणि चारित्र्य यांचा किल्ला राखावा लागतो. सामदोंग रिनपोछेंनी आयुष्यभर हाच किल्ला लढवला. वर्गात शिकवताना, सारनाथला पोथ्या सोडवताना आणि मुख्य मंत्र्याच्या खुर्चीवर बसून त्यांनी एकच काम केले. परत जाण्याचा दिवस उजाडेल, तेव्हा परत जाणारे लोक तिबेटीच राहिलेले असावेत, यासाठी हा खटाटोप.

आपल्या राज्यातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७०च्या दशकापासून आहे. दर हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी बाजार भरतो. आपण तेथे जातो, स्वेटर उलटसुलट करून पाहतो, घासाघीस करतो आणि घरी येतो. येत्या हिवाळ्यात त्या गाळ्यावरील आजीला तिचे मूळ गाव कोणते, एवढे विचारावे. ते नाव नकाशावर शोधून आपल्या मुलांना दाखवावे. आपली उत्तर सीमा जेथे संपते, तेथून ते गाव फार दूर नाही.